किनाऱ्यावरचा सील आळशी नसतो

सॅन फ्रान्सिस्कोला पाहुणे आले की पिअर ३९ ची फेरी ठरलेली. तिथल्या तरत्या तराफ्यांवर एकमेकांच्या अंगावर लोळणारे, दिवसरात्र भुंकणारे प्राणी बहुतेकांच्या फोटोंखाली ‘सील’ म्हणून जातात. ते सील नाहीत, सी लायन आहेत. हा फरक एकदा डोळ्यात बसला की समोरचा प्राणी काय करतोय, तो धडधाकट आहे की आजारी, आणि आपण किती लांब थांबायचं, हे बऱ्यापैकी आपोआप कळू लागतं.

भारताच्या किनाऱ्यावर यांच्यापैकी कोणीच राहत नाही, त्यामुळे आपली नजर त्यांना सरावलेली नसते. कॅलिफोर्नियात मात्र ते पावलोपावली भेटतात. इथला सागरी प्रवाह थंड आहे आणि वसंत-उन्हाळ्यातले वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात. त्याची जागा घ्यायला खालचं गार, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर शेवाळं वाढतं, शेवाळ्यावर तारली आणि अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्या गोतावळ्यातली मासळी), आणि त्यांच्यामागे सी लायन.

मागचे पाय बघा

सगळ्यात भरवशाची खूण मागच्या पायांत असते. सी लायनला मागचे पाय पोटाखाली पुढे वळवता येतात. त्यामुळे तो चारही पायांवर उभा राहतो, चालतो, पायऱ्या चढतो, उंच कातळाच्या टोकावर जाऊन बसतो. सीलचे मागचे पाय कायमचे मागेच असतात, पुढे वळतच नाहीत. जमिनीवर तो पोटावर सुरवंटासारखा उसळत सरकतो. चढणीवर, पाण्यापासून दहा-पंधरा फूट उंचीवर कोणी ताठ बसलेलं दिसलं, तर तो हार्बर सील (इथल्या किनाऱ्याजवळ नेहमी दिसणारा खरा सील) असणं जवळजवळ अशक्य.

पाण्यात हाच हिशोब उलटा होतो. सी लायन पुढच्या लांब फ्लिपरनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, पाणी कापत पुढे जातो आणि मागचे पाय सुकाणूसारखे वापरतो. सील मागचे दोन पाय डावी-उजवीकडे हलवून पोहतो. त्याचे पुढचे फ्लिपर आखूड, केसाळ आणि नखं असलेले असतात, ते अंगाशी चिकटवून ठेवतो. जमिनीवर केविलवाणा दिसणारा सील खोल बुडी मारण्यात सी लायनला केव्हाच मागे टाकतो. त्याचे आकडे पुढे येतीलच.

पुस्तकं कानावर भर देतात: सी लायनला बाहेर आलेला छोटा कान असतो, सीलला नुसतं छिद्र. खरं आहे, पण दुर्बीण नसेल तर पन्नास मीटरवरून ओल्या डोक्यावरचा कान दिसत नाही. आवाज त्यापेक्षा उपयोगी. अखंड भुंकणारा तो कॅलिफोर्निया सी लायन. त्याच्यापेक्षा फिकट, अंगाने कितीतरी मोठा आणि भुंकण्याऐवजी डरकाळी फोडणारा तो स्टेलर सी लायन, त्याचा नर हजार किलोपर्यंत जातो. हार्बर सीलचा आवाज पाण्याबाहेर फारसा ऐकूच येत नाही, पिल्लू आईला हाक मारतं तेवढीच.

जगात या गटाच्या तेहेतीस-चौतीस जाती आहेत आणि त्या तीन कुळांत मोडतात: खरे सील, कानवाले (म्हणजे सी लायन आणि फर सील), आणि एकटा वॉलरस. फर सील नाव सीलचं लावतो, पण चालतो सी लायनसारखा. वॉलरसने तर दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलंय, बाहेरचा कान नाही पण मागचे पाय मात्र पुढे वळतात. तिन्ही कुळं मांसाहारी प्राण्यांच्या गणातली, मुंगसापेक्षा अस्वलं आणि पाणमांजराचं कुळ त्यांना जवळचं. सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारा ‘सील’ही बहुतेक वेळा कॅलिफोर्निया सी लायनच असतो. सीलला तसं उभं राहताच येत नाही.

पाण्यातले प्राणी जमिनीवर का येतात

व्हेल आणि डॉल्फिन पाण्यातच वितात, पाण्यातच पाजतात. सील आणि सी लायन यांना पिल्लासाठी घन जमीन किंवा बर्फ लागतोच. खाणं समुद्रात, बाळंतपण जमिनीवर: या दोन टोकांची सांगड कशी घालायची, याचं उत्तर दोघांनी वेगवेगळं काढलंय, आणि मला या प्राण्यांमधली ही सगळ्यात रंजक गोष्ट वाटते.

सी लायनची मादी खेपा घालते. जूनच्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवर, मुख्यतः सॅन मिगेल आणि सॅन निकोलस इथे, ती विते. पहिले काही दिवस पिल्लाजवळ राहते, मग दोन-तीन दिवस मासेमारीला जाते, परत येऊन दिवस-दोन दिवस पाजते, पुन्हा जाते. हे जवळपास वर्षभर चालतं. शेकडो पिल्लांत आपलं पिल्लू ती आवाजाने हुडकते आणि वासाने खात्री करून घेते. या पद्धतीचा कच्चा दुवा उघड आहे: मासळी बेटांजवळ हवी. २०१३ ते २०१६ या काळात समुद्र तापला, तारली-अँचोव्ही लांब सरकली, माद्यांच्या खेपा लांबल्या आणि हजारो हाडकुळी पिल्लं वेळेआधीच बेटं सोडून मुख्य भूमीच्या किनाऱ्याला लागली. रोग नव्हता, उपासमार होती.

एलिफंट सील हा खऱ्या सीलमधला अवाढव्य प्रकार. त्याची मादी खेपा घालतच नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारीत ती किनाऱ्यावर येते, साधारण आठवड्याभरात विते आणि मग जवळपास अठ्ठावीस दिवस पिल्लाजवळून हलत नाही. या काळात तिच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही. स्वतःच्या चरबीचं दूध करून ती पिल्लाला देते. या दुधात चरबीचं प्रमाण वाढत वाढत निम्म्याच्या वर जातं. म्हशीच्या दुधात ते सात टक्क्यांच्या आसपास असतं. जन्मतः ३०–४० किलोचं पिल्लू महिन्याभरात १२०–१५० किलोचं होतं, आणि आईचं वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त घटतं. शेवटच्या काही दिवसांत ती नराकडून फळते, अंगावरचं दूध तोडते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लाला पोहणं शिकवणं, शिकार शिकवणं, काही नाही.

मागे राहिलेलं गोलमटोल पिल्लू आणखी दोन-अडीच महिने वाळूवर असतं. बघणाऱ्याला ते नुसतं झोपलेलं दिसतं. त्या काळात त्याच्या शरीरात रक्ताचं प्रमाण वाढत असतं आणि स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन साठत असतं. संध्याकाळी-रात्री ते उथळ पाण्यात बुड्या मारून बघतं. एप्रिल-मेच्या सुमारास एकट्याने निघतं. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त पिल्लं परत येत नाहीत.

त्या अठ्ठावीस दिवसांत बिघडण्यासारखं बरंच असतं. जानेवारीत वादळ आणि मोठी भरती एकदम आली तर लाटा किनारा धुऊन नेतात, आणि नवजात एलिफंट सीलला धड पोहता येत नाही. दोन-दोन टनांचे नर भांडताना खाली कोण आहे ते बघत नाहीत, पिल्लं चिरडतात. गर्दीत आईपासून तुटलेलं पिल्लू दुसऱ्या मादीकडे गेलं तर ती चावते. क्वचित एखादं पिल्लू दोन माद्यांचं दूध मिळवतं आणि बाकीच्यांच्या दुप्पट फुगतं.

नराची तऱ्हा निराळी. तो डिसेंबरच्या सुरुवातीला येतो आणि मार्चपर्यंत म्हणजे तीन महिने उपाशी राहतो, कारण खायला गेला की जागा गेली. मोजक्या नरांच्या वाट्याला माद्या येतात. बरेच नर उभ्या आयुष्यात एकदाही बाप होत नाहीत. छातीवरची जाड, सुरकुतलेली, गुलाबी-पांढरी कातडी म्हणजे दातांच्या जखमा भरून भरून झालेली ढाल.

एक बारीक गोष्ट राहिली. मादी फेब्रुवारीत फळली तरी गर्भ लगेच रुजत नाही. काही महिने तो तसाच थांबतो. म्हणून प्रत्यक्ष गर्भाची वाढ वर्षाहून कमी काळाची असूनही बाळंतपण आणि समागम दोन्ही वर्षाच्या त्याच मुक्कामात उरकतात. हीच युक्ती सी लायन आणि हार्बर सील यांच्यातही आहे.

कात टाकणं

एलिफंट सील वर्षातून दुसऱ्यांदा किनाऱ्यावर येतो तो कातडी बदलायला. माद्या आणि लहान जनावरं एप्रिल-मेमध्ये, मोठे नर जून ते ऑगस्ट. केसांबरोबर वरची कातडीही पापुद्र्यांनी सुटते, आणि चार-पाच आठवडे प्राणी फाटक्या गोणपाटाच्या रंगाचा दिसतो. पर्यटन केंद्रांवर “त्याला त्वचारोग झालाय, कोणी बघत नाही का?” अशी तक्रार याच महिन्यांत येते.

पाण्याबाहेर येण्याचं कारण रक्तात आहे. नवी कातडी वाढवायला कातडीकडे रक्त जावं लागतं. थंड पाण्यात एरवी सील तो पुरवठा आवळून ठेवतो, म्हणजे उष्णता चरबीच्या आत राहते. पुरवठा मोकळा सोडून गार समुद्रात राहिला तर उष्णता भसाभस वाहून जाईल. म्हणून महिनाभर उपास आणि वाळू.

बुडी

या दोन मुक्कामांमधले वर्षाचे आठ-दहा महिने एलिफंट सील खुल्या पॅसिफिकमध्ये असतो, नर अलास्काच्या बाजूला, माद्या मधल्या खोल समुद्रात माकुल आणि खोल पाण्यातली मासळी खात. वीस-तीस मिनिटांची बुडी, दोन-तीन मिनिटं वर, पुन्हा बुडी, रात्रंदिवस. नेहमीची खोली चारशे ते सहाशे मीटर. दीड किलोमीटरपेक्षा खोल गेल्याच्याही नोंदी आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माद्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी उपकरणं लावली होती. त्यातून दिसलं की समुद्रात त्या दिवसाला जेमतेम दोन तास झोपतात, तेही बुडीतच, दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांत, उलटं होऊन गिरक्या घेत खाली जाताना.

हे जमतं कसं? बुडी मारण्याआधी सील श्वास सोडतो. खोल पाण्यात त्याची फुप्फुसं मिटतात, त्यामुळे दाबाखाली नायट्रोजन रक्तात फारसा उतरत नाही आणि माणसांतल्या पाणबुड्यांना होणारा त्रास त्याला होत नाही. प्राणवायू असतो तो रक्तात आणि स्नायूंत. हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळला जातो, मेंदू आणि हृदय चालू राहतात. सी लायनची बुडी याच्या तुलनेत छोटी: बहुधा पाच मिनिटांच्या आत, शंभर मीटरच्या आत, पण वेग आणि वळणं त्याची.

हार्बर सीलची खासियत मिशांत आहे. त्यांच्या कडा सरळ नसून नागमोडी असतात, त्यामुळे पोहताना त्या स्वतः कमी थरथरतात. परिणामी मासा पुढे निघून गेल्यावर पाण्यात उरलेली भोवऱ्यांची रेघ सीलला जाणवते. डोळे बांधलेल्या सीलनी असा माग काढल्याचे प्रयोग जर्मनीत झाले आहेत.

आजारी वाटतो, पण नसतो

किनाऱ्यावरच्या बहुतेक ‘बचाव’ मोहिमा गैरसमजातून सुरू होतात. मार्च ते मे या काळात वाळूवर एकटं हार्बर सीलचं पिल्लू दिसलं तर ते सोडून दिलेलं आहे असं समजू नका. आई चरायला गेलेली असते, आणि तुम्ही जवळ उभे असाल तर ती पाण्यातून डोकं काढून बघते आणि परत येत नाही. ‘वाचवायला’ थांबलेली गर्दीच पिल्लाला अनाथ करते.

डोळ्यांतून पाणी गळतंय म्हणजे रडतोय असं नाही. आपल्या डोळ्यांतलं पाणी नाकात उतरतं; यांना ती नळीच नाही, म्हणून ते गालावर ओघळतं. डोकं आणि शेपटीकडचा भाग वर उचलून, मधेच वाकलेला हार्बर सील आकडीत नसतो, ओल्या थंड खडकापासून अंगाची टोकं लांब ठेवतो. मॉन्टेरेच्या खाडीत सी लायन एक फ्लिपर पाण्याबाहेर ताठ धरून तरंगतात, तेही जाळ्यात अडकल्यामुळे नव्हे. फ्लिपरवर चरबी नसते, त्यातून ऊन घेता येतं किंवा उष्णता सोडता येते. आणि झोपलेला एलिफंट सील दहा मिनिटंही श्वास घेत नाही. मेला म्हणून कळवण्याआधी घड्याळ लावून बघा.

खरोखर आजारी असतो तेव्हा

सी लायन डोकं सतत मागे टाकतोय, मान हलवतोय, तोंडाला फेस आहे, झटके येतायत, किंवा पार्किंगमध्ये भरकटून आलाय: डोमोइक आम्लाचा संशय घ्यावा. एक जातीचं सूक्ष्म शेवाळ हे विष तयार करतं, अँचोव्ही-तारली ते गाळून खातात, त्यांना काही होत नाही, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सी लायनच्या मेंदूवर ते जाऊन बसतं. १९९८ मध्ये सी लायनमध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. २०२३ आणि २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात मोठ्या साथी आल्या. यात गाभण माद्या जास्त सापडतात, कारण शेवाळ बहुतेकदा वसंतात फोफावतं आणि जूनच्या बाळंतपणासाठी त्या तेव्हा जोरात खात असतात. असा प्राणी माणसावर धावूनही येतो. तो चिडका नसतो, त्याला समोरचं नीट कळत नसतं.

दुसरा आजार मुंबई-कोकणातल्या वाचकांना पावसाळ्यामुळे ठाऊक आहे: लेप्टोस्पायरोसिस. सी लायनमध्ये तो दर काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या शेवटी ते हिवाळ्याच्या तोंडाला उसळतो आणि मूत्रपिंडं निकामी करतो. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे: पोट दुखत असल्यामुळे प्राणी फ्लिपर पोटावर घट्ट आवळून पडून राहतो, आणि एरवी मासळीतून पाणी मिळवणारा हा जीव गोड्या पाण्याच्या डबक्यातून पाणी पिताना दिसतो. हा आजार लघवीतून कुत्र्यांना आणि माणसांनाही होऊ शकतो. म्हणून किनाऱ्यावर कुत्रा साखळीत, आणि ओल्या वाळूवर हुंगत फिरू देऊ नये.

मानेभोवती रुतलेला पट्टा किंवा दोरा हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वस्वी आपला. तरुण सी लायन चौकस असतो, तरंगणाऱ्या वेढ्यात डोकं घालतो. प्राणी वाढतो, वेढा वाढत नाही. खोक्यांचा प्लॅस्टिक पट्टा कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने कापून टाका, एवढं घरबसल्या होतं.

कुठे, केव्हा

पिअर ३९ वर सी लायन १९८९ च्या शेवटी आणि १९९० च्या जानेवारीत जमले. तराफे तेव्हा दुरुस्तीमुळे रिकामे होते, खाडीत हेरिंग मासा भरपूर होता आणि शार्कपासून आडोसा होता. तिथे बहुतांश नर असतात. जून-जुलैत ते प्रजननासाठी दक्षिणेला जातात आणि तराफे बरेच रिकामे होतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत आई-बाबांना घेऊन गेलात तर निराशा होऊ शकते.

एलिफंट सीलसाठी दोन जागा. सांताक्रुझच्या (मुंबईतल्या नव्हे) उत्तरेचं आन्यो नुएवो: १५ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात फक्त वाटाड्यासोबत, आधी आरक्षण करून. पाच किलोमीटरच्या आसपास वाळूतली चाल आणि अडीच तास, म्हणजे गुडघेदुखी असलेल्यांना जमणार नाही. त्यांना हर्स्ट कॅसलच्या उत्तरेला साधारण सात किलोमीटरवर, हायवे १ ला लागून असलेल्या पिएद्रास ब्लांकासला न्या. लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता, आरक्षण नाही, पैसे नाहीत, वर्षभर उघडं. पिल्लं बघायची तर जानेवारीचा शेवट, मारामाऱ्या आणि समागम फेब्रुवारीचा मध्य. इथे १९९० मध्ये पहिले काही सील आले, १९९२ मध्ये पहिलं पिल्लू. तेलासाठी झालेल्या शिकारीत ही जात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शंभरेकांवर आली होती, मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर तग धरून होती. आज दोन लाखांच्या घरात आहे, पण सगळे त्या मूठभरांचेच वंशज असल्याने जनुकीय विविधता फार कमी.

हार्बर सील बघायला ओहोटीची वेळ गाठा, भरतीत त्यांचे खडक बुडतात. पॉइंट लोबोस, एल्कहॉर्न स्लू, फिट्झजेराल्ड मरीन रिझर्व्ह चांगल्या जागा. सॅन डिएगोजवळ ला होयाच्या चिल्ड्रन्स पूलची वाळू १५ डिसेंबर ते १५ मे बंद असते, वरून बघता येतं. हार्बर सील सगळ्यांत भित्रा. एकाने डोकं उचलून तुमच्याकडे रोखून पाहिलं की थांबा, दोघा-तिघांनी पाहिलं की मागे सरका. कळप पाण्याकडे पळाला की पिल्लं मागे राहतात. ८×४२ ची साधी दुर्बीण असली की जवळ जायची गरजच पडत नाही.

सील आणि सी लायन यांच्यापासून किमान ५० यार्ड, म्हणजे पंचेचाळीस मीटर लांब राहावं असा सरकारी सल्ला आहे. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार त्यांना हात लावणं, खायला घालणं, हुसकावणं गुन्हा आहे. चावा बसलाच तर जखम भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना “सील चावला” असं स्पष्ट सांगा. त्यांच्या तोंडातले काही जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत, टेट्रासायक्लिनच्या गटातलं औषध लागतं, आणि उशीर झाला तर बोटाचा सांधा कायमचा आखडतो.

आजारी प्राणी दिसला तर पाण्यात ढकलू नका, अंगावर पाणी ओतू नका, ओला टॉवेल टाकू नका. अशक्त प्राणी बाहेर येतो तो अंग गरम ठेवायला आणि बुडू नये म्हणून. उत्तर-मध्य कॅलिफोर्नियात सॉसालिटोच्या मरीन मॅमल सेंटरला फोन करा, त्यांचं मदतकेंद्र चोवीस तास चालतं. अचूक जागा, अंदाजे लांबी, चालतो की सरकतो, कान दिसतो का, जखम किंवा वेढा कुठे आहे, हे सांगा आणि लांबून फोटो काढून ठेवा. पिल्लू असेल तर आई येते का हे बघायला ते लगेच न उचलता एक-दोन दिवस नजर ठेवू शकतात, त्यावर वाद घालू नका. फ्लिपरवर टॅग असेल तर त्याचा रंग आणि नंबर वाचता येतो का बघा; केशरी टॅग असेल तर हा प्राणी बहुधा आधी त्यांच्याकडेच उपचार घेऊन गेलेला असतो, आणि त्याची जुनी कागदपत्रं नंबरावरून लगेच निघतात.